फळ्यावरचं ‘असेल’

१

हिवाळ्यात माझी सकाळ ठरलेली असायची. सात वाजता वरच्या खोलीतून खाली उतरायचं, वर्गाचं कुलूप काढायचं, शेगडीतली राख उपसून दोन ओंडके आत सरकवायचे, गोठलेली शाईची बाटली शेगडीशेजारी ठेवायची आणि ती वितळेपर्यंत फळ्यावर तारीख घालायची. मग खिडकीशी उभं राहून एक वाडगाभर चिकोरीची कॉफी. साडेआठला मुलं यायची. तोवरचा दीड तास शाळा माझी एकटीची असे.

डोंगरातल्या ला कोंब गावची शाळा म्हणजे एकच मोठी खोली. पाच वर्षांच्या पोरांपासून तेरा वर्षांच्या पोरींपर्यंत एकोणीस मुलं, आणि मी. छप्पन सालचा फेब्रुवारी होता. पारा उणे वीसच्या खाली गेला होता. चौकातलं कारंजं उडता उडता थिजून झुंबरासारखं लटकत होतं.

शनिवारी मी मोठ्या मुलांना व्याकरणातला एक नवा काळ शिकवायला घेतला. पुढे घडायची, पण दुसरी एखादी गोष्ट घडायच्या आत उरकलेली असणारी गोष्ट सांगणारा काळ.

“रचना सोपी आहे,” मी म्हटलं. “क्रियापद मागचं, झालेलं. त्याला पुढे ओढून न्यायला एक घोडा जोडायचा, भविष्यकाळातला. बहुतेक क्रियापदांना ‘जवळ असणे’ हा घोडा लागतो. पण जाणं, येणं, पडणं, मरणं, जन्मणं अशी मोजकी आहेत, त्यांना ‘असणे’ चालतो. आणि तिथं कर्ता स्त्री असेल, तर क्रियापदाच्या शेपटीला एक मुका स्वर चिकटतो. तो ऐकू येत नाही, नुसता दिसतो. म्हणूनच तुम्ही तो विसरता.”

उदाहरण दिलं: “घंटा वाजेल तेव्हा तुमची गणितं सोडवून झालेली असतील.”

ओक्ताव्हनं हात वर केला. “आणि झालेली नसतील तर, बाई?”

“तर बाकीच्यांचं सूप पिऊन झालेलं असेल आणि तू गणितं करत बसलेला असशील.”

वर्ग हसला. सगळ्यात जोरात हसली सिदोनी. दहा वर्षांची, वरच्या शेतावरच्या आशील ग्रांक्लेमांची एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेलेली. तिला क्रियापदं चालवायला इतकी आवडायची, की घरी जाताना ती पावलांच्या तालावर त्यांची रूपं म्हणत जायची. त्या दिवशीही गेली.

२

सोमवारी सकाळी कुलूप काढलं तेव्हा फळ्यावर एक ओळ होती.

‘ओक्ताव्हची पाटी फुटलेली असेल.’

अक्षर सुंदर होतं. उतरताना जाड, चढताना बारीक, सगळी वळणं एका मापाची. असं अक्षर मी शिक्षिका व्हायच्या परीक्षेला गिरवलं होतं आणि नंतर कधी काढलं नाही. माझ्या मुलांपैकी कोणाचं असं अक्षर असतं तर मी त्याच्या घरी जाऊन मिठाई वाटली असती.

कोणीतरी शनिवारच्या धड्याची थट्टा केली, असं मी ठरवलं. फिलोमेनकडे दुसरी किल्ली होती. फिलोमेन म्हणजे शाळेतली स्वयंपाकीण. पासष्टीची विधवा, मुलांसाठी सूप करायची, लाकडं आणायची, आणि मला सरकारी हुद्द्याची पर्वा न करता ‘पोरी’ म्हणायची. पण फिलोमेनला लिहिता येत नव्हतं. ती सही म्हणून फुली मारायची.

मी ओळ पुसली. फडक्याला खडू नेहमीपेक्षा गार लागला. सगळंच गार होतं म्हणा.

दहा वाजता गणितासाठी पाट्या काढायला सांगितल्या. ओक्ताव्हनं दप्तरात हात घातला आणि तसाच ठेवला.

“काय झालं?”

“फुटली, बाई.”

पाटीचे तीन तुकडे होते. मी त्याला रागावले नाही. एवढंच आठवतं, की मी फळ्याकडे पाहिलं नाही, आणि पाहायचं नाही हे ठरवून पाहिलं नाही.

३

सोमवारी संध्याकाळी मी फिलोमेनकडची किल्ली मागून घेतली. कारण सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही, नुसतं म्हणाली, “घे पोरी, चोरायला आहे काय तिथं, नकाशा?”

मंगळवारी फळ्यावर होतं: ‘तळघरातले बटाटे गोठलेले असतील.’

मी ते पुसलं आणि खुर्चीवर बसून स्वतःची उलटतपासणी घेतली. दोन्ही किल्ल्या माझ्याकडे. खिडक्या आतून बंद, त्यांच्यावर बोटभर बर्फ. म्हणजे लिहिणारी मीच. झोपेत चालणारी माणसं असतात. माझी एक मावशी झोपेत लोणी घुसळायची. मी एका कागदावर तीच ओळ लिहून पाहिली. माझं अक्षर डावीकडे कलतं. फळ्यावरचं ताठ उभं होतं. झोपेत माणसाचं अक्षर सुधारतं का, याचा मला अनुभव नव्हता.

अकराला तळघरातून फिलोमेनचा आवाज आला. पोतंभर बटाटे दगडासारखे टणक झाले होते. त्या दिवशी मुलांनी कांद्याचं सूप पाव बुडवून खाल्लं आणि खूश झाली.

बुधवारी: ‘म्हातारा अंब्रुआझ गेलेला असेल.’

अंब्रुआझ लाकडी बूट करायचा. शाळेपासून तिसरं घर. मी तिथं उभी राहिले, हातात फडकं घेऊन. जाऊन दार वाजवावं? वाजवून काय सांगायचं? की अंब्रुआझकाका, तुम्ही आज मरणार आहात, माझ्या फळ्यावर लिहिलंय? मी शिकलेली बाई होते. मी ओळ पुसली आणि सातचा पाढा घेतला.

दुपारी शेजारणीला तो खुर्चीत बसलेला सापडला, मांडीवर अर्धा कोरलेला बूट. खालच्या गावातून डॉक्टर आले. त्यांनी त्याचा हात उचलून पाहिला, परत ठेवला आणि म्हणाले, “पहाटेच गेला असेल.”

मी दारात उभी राहून ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: मला आधी कळलं होतं आणि मी पाढा घेत बसले. पहाट म्हणजे कधी, माझ्या सातच्या आधी की नंतर, एवढा साधा हिशेबही मी केला नाही. अपराधी माणूस वेळा मोजत नाही.

४

गुरुवारी शाळेला सुट्टी. मी वरच्या खोलीत वह्या तपासत होते. दुपारचे तीन वाजले असतील. बाहेर स्वच्छ ऊन, बर्फावरून उडालेला उजेड छतावर हलत होता. अशा उजेडात माणसाला भीती वाटू नये.

खालून खडूचा आवाज आला.

वीस वर्षं ज्यानं खडू हातात धरलाय, त्याला तो आवाज झोपेतही ओळखू येतो. टेकवला, ओढला, उचलला. टेकवला, ओढला, उचलला. घाई नव्हती. मधे एकदा थांबला. जसं लिहिताना आपण मागे सरून पाहतो, ओळ सरळ आली का.

मी जिना उतरले. बूट काढून उतरले, ते आजही कोणाला सांगताना लाज वाटते. वर्गाच्या दाराला वरच्या भागात काच आहे, मुलांनी बाहेरून वेडावू नये म्हणून मी तिच्यावर पातळ पडदा लावला होता. त्या पडद्यातून फळा दिसला. फळ्यासमोर एक बाही. काळी, कोपरापर्यंत चढवलेली, शाई लागू नये म्हणून पूर्वीचे मास्तर चढवायचे तसली. मनगटाच्या पुढे जे होतं ते खडूनं पांढरं झालं होतं, किंवा मुळातच पांढरं होतं.

किल्ली फिरवायला मला दोन प्रयत्न लागले. आत कोणी नव्हतं. शेगडी थंड होती. खडूची धूळ अजून खाली येत होती, उन्हाच्या पट्ट्यात, सावकाश.

फळ्यावर एकच शब्द होता. ‘सिदोनी’. पुढे काही नाही.

५

वरचं शेत तासाभराच्या वाटेवर आहे. मी गेले. आशील ग्रांक्लेमां गोठ्यात होता, माझी चाहूल लागताच खांद्यावरून वळून म्हणाला, “काय बाई, आता सुट्टीच्या दिवशीही हजेरी घ्यायला लागलात?”

“इकडून चालले होते,” मी म्हटलं. आमच्या इकडे वरच्या शेताच्या पलीकडे नुसतं रान आहे, कोणी इकडून चाललेलं नसतं. त्यानं ते सोडून दिलं.

सिदोनी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. गाल लाल, नाकावर पिठाचा डाग.

“बरी आहेस ना?”

“वासरासारखी आहे,” आशील दारातून म्हणाला. “खाते पण तशीच. का हो, काही केलंय का तिनं?”

“नाही, नाही. अभ्यास चांगला आहे.”

“मग तुमचं तोंड असं का झालंय? एखाद्या मयताला जाऊन आल्यासारखं.”

“काल अंब्रुआझच्या घरी गेले होते,” मी म्हटलं. ते खरंही होतं.

त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली, आणि मला एक पेला गरम दूध दिलं. त्यानं चीजचा एक जाड काप कापून माझ्या हातात कोंबला. मी काय सांगणार होते? फळ्यावर तुमच्या मुलीचं नाव आहे. शाळेत तर रोज कोणाचं ना कोणाचं असतंच. सिदोनी मला कुंपणापर्यंत पोचवायला आली. तिच्या लाकडी स्की भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. हिवाळ्यात ती त्यांच्यावरून कुरणाच्या उतारानं शाळेत यायची, वीस मिनिटांत.

“उद्या वेळेवर ये,” मी म्हटलं.

“मी नेहमीच येते, बाई.”

६

शुक्रवारी सातला फळा कोरा होता.

मी तो हातानं चाचपून पाहिला. पुसल्याची खूणही नव्हती. मला एवढं हलकं वाटलं, की मी शेगडी पेटवताना गुणगुणत होते. मग फावडं घेऊन अंगणातलं बर्फ ओढायला गेले. पायऱ्या मोकळ्या केल्या, फाटकापर्यंत वाट केली. सव्वाआठ वाजून गेले होते. दार सताड उघडं होतं आणि माझी नजर त्याच्यावर होती. आत कोणी गेलं नाही.

आत आले. ‘सिदोनी विवरात पडलेली असेल.’

वरच्या कुरणाच्या कडेला एक विवर आहे. आमच्या चुनखडीच्या डोंगरात अशी शेकडो आहेत. खाली किती खोल ते कोणी मोजलेलं नाही. उन्हाळ्यात त्याच्याभोवती लाकडी अडसर असतात. त्या वर्षी बर्फानं अडसर बुडाले होते.

मी ती ओळ दोनदा वाचली. पडणं, म्हणून ‘असणे’चा घोडा. कर्ता मुलगी, म्हणून शेवटी मुका स्वर. एकही चूक नव्हती. आणि माझ्यात एकदम बळ आलं. अंब्रुआझच्या वेळी मी हात बांधून बसले. या वेळी नाही. सिदोनी येईल, तिला दिवसभर माझ्या टेबलाशेजारी बसवीन, संध्याकाळी स्वतः मोठ्या रस्त्यानं घरी सोडीन, आशीलला विवरावर फळ्या ठोकायला लावीन. लिहिणाऱ्याला जे लिहायचं ते लिहू दे. मी ओळ पुसून टाकली.

मुलं आली. अठरा. सिदोनी आली नाही.

मला त्या वेळी काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगते: आनंद झाला. ती घरी आहे. घरात, चुलीशी. आज ती कुरणातून येणारच नाही, म्हणजे पडणारही नाही. मी खडूवाल्याला हरवलं, असं मला वाटलं. मी बाजूच्या छोट्या फळ्यावर लहानांना बेरजा घालून दिल्या आणि त्यांच्याकडे पाठ करून शेगडीशी हात शेकत बसले.

७

दहा वाजता फिलोमेन लाकडं घेऊन आली. बाकांवरून नजर फिरवून म्हणाली, “ग्रांक्लेमांची पोर आली नाही वाटतं?”

“नाही.”

“सर्दी झाली असेल.”

ओंडके टोपलीत टाकून ती वळली. ती त्याच काळात बोलली होती. आमच्या भाषेत त्या दोन रूपांत तसूभर फरक नाही: ‘झालेली असेल’ आणि ‘झाली असेल’, दोन्हीला तेच सहायक, तेच क्रियापद. ज्या बाईला आपलं नाव लिहिता येत नाही, ती दिवसातून वीस वेळा तो काळ वापरत होती, आणि पुढच्यासाठी नाही, मागच्यासाठी. जे दिसलं नाही पण झालेलं आहे, त्याच्यासाठी. अंदाज म्हणून.

पाटी फुटली असेल. ओक्ताव्हनं मला नंतर सांगितलं, रविवारी घसरगाडीवरून पडून फुटली होती. बटाटे गोठले असतील. पहाटेच गेला असेल. डॉक्टरही तेच म्हणाले होते, त्याच काळात, माझ्यासमोर.

फळ्यानं मला एकदाही पुढचं सांगितलं नव्हतं.

मी मागे वळले. मोठ्या फळ्यावर ती ओळ पुन्हा होती. पुसलेल्या जागीच, तशीच ताठ. आणि मोठी मुलं खाली माना घालून टाक कुरकुरवत होती. ओक्ताव्हनं मान वर केली.

“बाई, हे पण उतरवून घ्यायचं ना?”

“हे कधी लिहिलं?”

“तुम्हीच आत्ता लिहिलंत की,” तो म्हणाला. “म्हणजे… पाठमोऱ्या होतात.”

मी शेगडीपासून हलले नव्हते.

“फिलोमेन, मुलांजवळ थांब,” मी म्हटलं, आणि घंटेची दोरी धरली.

८

शाळेची घंटा अवेळी वाजली की आग, असं गावाला माहीत आहे. डेअरीतून चीज करणारी माणसं अॅप्रनवरच धावत आली, कोपरापर्यंत दुधानं ओली. सरपंच बर्फात घसरत आले. त्यांच्यात आशीलही होता. तो सकाळी दूध घालायला आला होता आणि गप्पा मारत थांबला होता.

“सिदोनी कुठं आहे?” मी विचारलं.

“कुठं म्हणजे? शाळेत.” मग त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. “साडेसातला निघालीय ती. कुरणातून.”

“ती विवरात पडली आहे.”

“कोणी पाहिलं?” सरपंचांनी विचारलं.

“कोणी नाही. ती पडली आहे. आणि आपण बोलत उभे आहोत.”

मी आजवर गावात आवाज चढवून बोलले नव्हते. त्यामुळे असेल, पुढे कोणी काही विचारलं नाही. गवत बांधायचे दोर, शिडी, कंदील, घोंगड्या. आम्ही कुरण चढलो. आशील सगळ्यांच्या पुढे होता, मांडीपर्यंत बर्फात, आणि तो एकदाही थांबला नाही.

स्कीच्या दोन रेषा वरून सरळ येत होत्या. सुंदर रेषा, अगदी समांतर. मग त्या संपल्या. तिथं बर्फात एक काळं तोंड उघडलं होतं आणि त्यातून वाफ येत होती. त्या विवरांच्या पोटात हिवाळ्यातही ऊब असते. कडेला एक स्की उभी रुतली होती.

आशीलनं हाक मारली. उत्तर नाही. त्यानं पुन्हा मारली, आणि त्याचा आवाज मधेच फुटला.

“सगळे गप्प राहा,” मी म्हटलं, आणि बर्फावर पालथी पडून कडेवरून डोकं आत घातलं.

आधी ठोके ऐकू आले. ठक. ठक. लाकडी पट्टी टेबलावर आपटावी तसे, शांत, सारख्या अंतरानं. आणि त्यांच्या तालावर एक बारीक, घोगरा आवाज.

“…आम्ही पोहोचलेले असू. तुम्ही पोहोचलेले असाल. त्या… त्या…”

ठक.

“त्या पोहोचलेल्या असतील.”

कोणीतरी दोराला बांधून कंदील खाली सोडला. पंधरा हात खाली खडकाचा एक कट्टा होता, त्याच्यावर पडलेल्या बर्फाचा ढीग, आणि ढिगावर सिदोनी, एक पाय नको तसा वळलेला. तिच्या पलीकडे कट्टा संपत होता आणि नुसता काळोख होता. उजेड तिथं पोचता पोचता मला दिसलं: एक काळी बाही, आणि पांढरी बोटं, मुलीच्या डोक्यामागून सावकाश मागे जाणारी. मग खडक. ओला, पांढरा खडक.

सिदोनीनं डोळे वर केले. तिला माझं तोंड दिसलं आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

“बाई,” ती म्हणाली, “तुम्ही वर कधी गेलात?”

९

आशील स्वतः उतरला. कोणाचं ऐकेना. पाच जणांनी दोर धरला. मीही धरला, माझ्या तळव्यावर त्याचा वळ अजून आहे. त्यानं तिला घोंगडीत गुंडाळून छातीशी बांधलं आणि म्हणाला, “ओढा,” आणि आम्ही ओढलं. दोघं उजेडात आली तेव्हा डेअरीतला थोरला माणूस, ज्याला मी बारा वर्षांत हसतानाही पाहिलं नव्हतं, हमसून रडायला लागला आणि रडतारडताच दोर नीट गुंडाळत राहिला.

शिडीवर निजवून तिला खाली आणलं. खालून फिलोमेननं पाहिलं असावं, कारण शाळेची घंटा सुरू झाली, आणि मग चर्चची, आणि त्या दोन घंटा आमच्या गावात एकत्र कधी वाजत नाहीत. अठरा मुलं टोप्या न घालता चौकात धावत आली. सिदोनी शिडीवरून हात हलवत होती, राणीसारखी. डॉक्टर म्हणाले, पाय मोडला, बाकी काही नाही. तिथं झोप लागली असती, तर मात्र जागी झाली नसती.

“झोपूच दिलं नाही,” सिदोनी म्हणाली. “डोळे मिटले की ठक. चुकले की ठक. सगळी क्रियापदं घेतली. ‘मरणे’ सोडून. ते मी म्हणायला लागले तर दोनदा ठक केलं, जोरात.”

“आवाज कसा होता?” मी विचारलं.

“बोललंच नाही कोणी. मला वाटलं तुम्ही रागावलात.”

पाद्रीबाबांना वर्गात पवित्र पाणी शिंपडायचं होतं. सरपंच म्हणाले, शाळा सरकारची आहे, पाणी चर्चमध्ये शिंपडा. दोघं आठवडाभर भांडले आणि भांडण फार आनंदात झालं. फळ्यावर पुन्हा काही आलं नाही. मुलांच्या वह्यांत ती ओळ राहिली, अकरा वह्यांत. ओक्ताव्ह मुका स्वर विसरला होता, आणि मी ती चूक तांबड्या शाईनं दुरुस्त केली नाही.

नुसतं नाव गुरुवारीच का आलं, हे मला आजही सांगता येत नाही.

मे महिन्यात कुरण हिरवं झालं तेव्हा सगळं गाव वर गेलं. पुरुषांनी विवराभोवती छातीइतका दगडी कठडा बांधला. बायकांनी हॅम आणि पाव आणले. सिदोनी काठी टेकत सगळ्यांना हुकूम सोडत होती. कठडा पुरा झाल्यावर आशीलनं पिशवीतून पिवळ्या वाइनची एक बाटली काढली. मुलगी जन्मली त्या वर्षीची. तिच्या लग्नात फोडायला ठेवलेली. त्यानं बाटलीच्या गळ्याला दोर बांधला.

“आशील, अरे,” सरपंच म्हणाले, “अशी वाइन खड्ड्यात?”

“माझी मुलगी काढलीय त्या खड्ड्यातून,” तो म्हणाला. “तुम्ही पेला घेऊन खाली जाणार असाल तर तुम्हालाही सोडतो.”

बाटली खाली गेली. दोर ढिला झाला. आम्ही कठड्याभोवती उभे होतो. लांब गाईंच्या घंटा वाजत होत्या. दोर एकदा हलका ताणला गेला, जसा मासा गळाला तोंड लावतो. आशीलनं तो वर ओढला.

बाटली अख्खी होती. बुचावरची लाख जशीच्या तशी. आत थेंब नव्हता.

“मुळातच रिकामी असेल,” सरपंच म्हणाले.

“काल उजेडासमोर धरून पाहिलीय मी.”

फिलोमेननं बाटली हातात घेतली, उलटी केली, आणि परत दिली. “प्यायली असेल,” ती म्हणाली. “खाली ओल आहे, लागतेच थोडी.”

आशीलनं ती कठड्यावर ठेवली, उतार उतरून घरी गेला आणि दुसरी घेऊन आला. ती आम्ही प्यायलो, सगळं गाव, आळीपाळीनं दोनच पेल्यांतून, आणि पहिला पेला सिदोनीला दिला.